एक कथा, दोन भाषा : ‘प्रभात’च्या दशकातील आमची आवड

आवडीनिवडीचा विषय निघाला की न्यायबुद्धी बाजूला राहते आणि जुन्या आठवणीच साक्ष देऊ लागतात, हे आम्हांस मान्य आहे. तरीही ‘प्रभात’च्या वैभवकाळातील तुम्हांला सर्वांत प्रिय बोलपट कोणते, असा प्रश्न जबलपुरातील मराठी मंडळींच्या बैठकीत निघाला म्हणजे उत्तर देणे आम्ही टाळीत नाही. पुण्यात या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येते. येथे मात्र नाव उच्चारताच समोरचा विचारतो, “मराठीतला, की हिंदीतला?” या उपप्रश्नानेच आम्हांला हा लेख लिहावयास लाविले आहे.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी आपले बहुतेक बोलपट दोनदा करीत असे. देखावा तोच, दिग्दर्शक तोच, कित्येकदा नटही तेच. प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत चित्रित व्हावयाचा. मध्यप्रांत व वऱ्हाड हा आमचा जुना प्रांतही असाच दुभाषी होता. राजधानी नागपूर, आणि नोकरीचा हुकूम आज अमरावतीचा तर उद्या जबलपूरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो संसार मोडला, वऱ्हाड-नागपूर एकीकडे व जबलपूर दुसरीकडे गेले. येथे राहिलेल्या व पुढे बदलून आलेल्या मराठी माणसाला दोन भाषांची तुलना करण्याची सवय लागली, ती लागलीच. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून ‘शेजारी’ (१९४१) पर्यंतच्या दशकाकडे आम्ही त्याच सवयीने पाहतो. भाषा बदलली असता कलाकृतीतील काय टिकते आणि काय गळून पडते, एवढाच आमचा निकष आहे.

आरंभ ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून करू, कारण येथे मराठी अभिमानाला थोडे नमते घ्यावे लागते. नरबलीची व पशुबलीची चाल बंद करू पाहणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू मराठीत केशवराव दाते यांनी उभा केला, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी. दाते यांची वाणी कसलेली आहे. शब्द कोठे रोखावा आणि कोठे सोडावा, हे त्यांना रंगभूमीने शिकविले होते. परंतु पडदा व्यापून टाकणारा चंद्रमोहन यांचा डोळा एकदा पाहिला म्हणजे संवाद कोणत्या भाषेत चालला आहे याचे भान उरत नाही. व्ही. शांताराम यांनी या बोलपटात भीतीचा सारा भार दृष्टीवर टाकला आहे, आणि दृष्टीला भाषांतराची गरज पडत नाही. आमचे मत येथे हिंदीच्या बाजूने आहे.

‘कुंकू’ (१९३७) पाहताना मात्र हा निर्णय इतका सोपा राहत नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ही कथा. फसवणुकीने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती मानण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा आणि दाते यांचे काकासाहेब दोन्ही भाषांत आहेत. पार्श्वसंगीत शांताराम यांनी अजिबात वगळले आहे. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज प्रसंगात खरोखर असतील तेवढेच ऐकू येतात. घड्याळाची टिकटिक मराठीत आणि हिंदीत सारखीच कठोर आहे. मग फरक पडतो कोठे? आमच्या मते तो नावातच पडतो. हिंदी अवताराचे नाव ‘दुनिया न माने’. या नावात आरोपी दुनिया आहे, आणि दुनियेला आरोपी केले म्हणजे कोणालाच फारसे लागत नाही. ‘कुंकू’ हा शब्द नीरेच्या कपाळावर बोट ठेवतो. ज्या भाषेत नवऱ्याला ‘कुंकवाचा धनी’ म्हणतात, त्या भाषेत ते एवढेसे बोट सौभाग्य दाखविते आणि मालकीही दाखविते. नीरेचा झगडा त्या मालकीशी आहे. मराठी प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. शेवटाविषयी मात्र आमची तक्रार आहे. स्वतःची चूक ओळखणाऱ्या काकासाहेबांना मरण पत्करावयास लावून कथेने आपली गाठ सोडविली नाही, कापली. नीरा मुक्त होते ती त्यांच्या मृत्यूने. तिच्या नकाराला जगाने मान तुकविली म्हणून नव्हे.

‘माणूस’ (१९३९) या बोलपटाचे हिंदी नाव ‘आदमी’. वरवर पाहता हे अचूक भाषांतर होय. पण मराठीत ‘बाईमाणूस’ हा शब्द सहज चालतो. हिंदीच्या रोजच्या बोलण्यात ‘आदमी’ म्हटले की समोर ‘औरत’ उभी राहते. आता कथा पाहा. शाहू मोडक यांचा गणपत हा पोलीस, आणि शांता हुबळीकर यांची मैना ही बाजारात बसलेली स्त्री. गणपत तिला आपल्या भाविक आईपुढे नेतो, आणि त्या माउलीचा भाबडा विश्वास मैनेला सोसवत नाही. माणूस म्हणवून घेण्याचा हक्क येथे गणपतपेक्षा मैनेला अधिक मिळवावयाचा आहे. मराठी नावात तिला जागा आहे. हिंदी नावात ती दाराबाहेर राहते. प्रेमभंगाने खचलेल्या पुरुषाने जगावे की मरावे, या प्रश्नाला बोलपटाने दिलेले उत्तर शेवटी काहीसे उपदेशाच्या सुरात उतरते, हा दोष आम्ही झाकीत नाही. तरी निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेत कडवी गाणारी मैना आठवली म्हणजे दोष विसरावयास होते. सर्व भाषा बोलणारी ही बाई कोणत्याच भाषेत घरची नाही. गावोगाव बदली होत हिंडलेल्या वाचकाला हे दुःख परके वाटू नये.

‘शेजारी’ (१९४१) हा शांताराम यांचा ‘प्रभात’मधील अखेरचा बोलपट. दोन जुने मित्र, एक हिंदू व एक मुसलमान. धरणाच्या निमित्ताने त्यांच्यात पाडलेली फूट. आणि धरण फुटते तेव्हा एकमेकांच्या संगतीत आलेला मृत्यू. मराठीत जिवबा केशवराव दाते यांचा आणि मिर्झा गजानन जागीरदार यांचा. हिंदी ‘पडोसी’मध्ये जागीरदार यांनी मिर्झाच ठेविला, पण ठाकूर उभा केला मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला. लाहोरचा ठराव होऊन पुरते दोन वर्षही झाले नव्हते, अशा काळात एवढीशी अदलाबदल संवादांहून अधिक बोलून जाते. दाते यांच्या अभिनयाविषयी पूर्ण आदर ठेवूनही आमची पसंती येथे ‘पडोसी’लाच आहे.

आता सर्वांत प्रिय बोलपट. ‘संत तुकाराम’ (१९३६) प्रभातने केवळ मराठीत काढिला. दामले आणि फत्तेलाल यांच्या या कृतीत हिंदी प्रेक्षकाची सोय पाहिलेली नाही. देहूची माती, अभंगाची चाल आणि जिजाईची जीभ यांत ती सोय होण्याजोगी नव्हतीही. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा गातात तेव्हा गाणे आणि बोलणे यांतील सीमारेषा दिसेनाशी होते. शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचलेला एक अभंग तर तुकोबांचाच म्हणून अनेकांनी मानला. परंतु बोलपट तोलून धरला आहे तो गौरी यांच्या जिजाईने. आजारी मुलासाठी देवावर पायतण उगारणारी ही बाई नास्तिक नाही. घरातले कर्ते माणूस भजनी लागले असता तिने कोणाशी भांडावयाचे? तिच्या फटकळ बोलण्याचे हिंदी आम्ही मनातल्या मनात अनेकदा करून पाहिले. शब्द मिळतात, ठसका मिळत नाही. आणि गंमत अशी की हाच बोलपट सर्वांत दूर गेला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. मराठीचे एक अक्षर न कळणाऱ्या परीक्षकांना जिजाई कळली. परक्यांना समजावे म्हणून आपली बोली पुसट करण्याची घाई ज्यांना होते, त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

प्रभातच्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था चालते. जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. सुदैवाने हे बोलपट आज घरबसल्या पाहता येतात, आणि आम्ही ते घरातील मुलांना दाखवितो. त्यांच्या मराठीला बुंदेलखंडी हेल आहे. ‘पडोसी’ त्यांना पहिल्या शब्दापासून कळला आणि त्यांनी तो शांतपणे पाहिला. ‘संत तुकाराम’ सुरू झाला तेव्हा मात्र पाच-पाच मिनिटांनी प्रश्न येऊ लागले : जिजाई आता काय म्हणाली? त्या शब्दाचा अर्थ काय? आम्हांला बोलपट थांबवून सांगावे लागले, आणि दोन तासांच्या बोलपटाला अख्खी संध्याकाळ पुरली नाही. दुसऱ्या दिवशी राहिलेला भाग लावा म्हणून मुलेच मागे लागली.