नखुरड्याचे लिंबू आणि पायाचे नख

चैत्रोत्सवात नाशिककडून आणि खानदेशातून हजारो माणसे सप्तशृंगगडावर पायी जातात. तंग बूट घालून एवढे चालले, की पुढे काही दिवसांनी एखाद्याचा अंगठा सुजतो. नखाची कड बाजूच्या मांसात रुतलेली असते. मग ‘आजीबाईचा बटवा’ छापाची सदरे आणि शेजारपाजारचे सल्ले कामाला लागतात. यांतले तीन सल्ले वारंवार ऐकू येतात. त्यांची परीक्षा एकदा करायला हवी, कारण शाळेत लंगडत आलेल्या मुलालाही आपण बहुधा तेच सांगतो.

पहिला सल्ला लिंबाचा. लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसायचे, हा हाताच्या नखुरड्यावरचा जुना इलाज. नखुरड्यात नखाशेजारच्या कातडीत जंतू शिरून पू होतो. सौम्य नखुरडे पुष्कळदा आपोआपच बरे होते आणि श्रेय लिंबाला मिळते. पायाच्या रुतलेल्या नखाचे दुखणे मात्र वेगळे आहे. तिथे नखाची कड हीच कुसळासारखी मांसात घुसलेली असते. पू होतो तो नंतर. कुसळ जागच्या जागी ठेवून वरून लिंबू पिळले, तर उघड्या जखमेवर आम्लाची आग तेवढी होते. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी हे दुखणे मुळातून जात नाही, तेही याच कारणाने.

दुसरा सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो. नखाच्या मधोमध इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडा, म्हणजे खाच भरून काढण्यासाठी नख मध्याकडे ओढले जाईल आणि कडा सुटतील. पण नख झाडासारखे शेंड्याला वाढत नाही. ते कातडीखालच्या मुळाशी तयार होते आणि पुढे ढकलले जाते. बाहेर दिसणारा भाग निर्जीव केराटिनचा. त्याला खाच पडल्याचे कळणार कसे? विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने रेघ काढून ती टोकाला पोहोचायला किती दिवस लागतात, हे तब्बल 35 वर्षे मोजले आणि 1980 साली ते प्रसिद्ध केले. पाडलेली खूण भरून येत नाही, ती फक्त पुढे सरकते. आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग फुकटात होतो. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून थोडे कमी. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

तिसरा सल्ला सर्वांत घातक, आणि लोकांचा विश्वास त्याच्यावरच अधिक: रुतलेला कोपरा खोलवर कापून टाका. त्या दिवशी खरोखरच बरे वाटते. पण आत, जिथे नेलकटर पोहोचत नाही तिथे, नखाचे टोकदार अणकुचे उरते. दोन-तीन आठवड्यांत ते पुढे सरकून पुन्हा मांसात शिरते. आराम आज आणि दुखणे पुढच्या महिन्यात, म्हणून दोघांचा संबंध कुणी जोडत नाही.

मग घरी काय करावे? दुखणे नुकतेच सुरू झाले असेल, तर कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे पाय ठेवून नंतर कोरडा करावा. मऊ झालेल्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवून ती रोज बदलावी. नख सरळ कापावे, कोपरे गोल करू नयेत. पू, पसरणारी लाली किंवा ताप असेल, तर घरचे इलाज थांबवावेत. मधुमेह्यांनी आणि पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर ते सुरूच करू नयेत. सतत रुतणाऱ्या नखाची एक बाजू जागा बधिर करून काढतात आणि तिथल्या मुळाला फिनॉल लावतात. तेवढी पट्टी मग सहसा पुन्हा वाढत नाही. काम थोडक्या वेळाचे आहे, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

घरगुती इलाजांच्या सदरांत बुटांविषयी मात्र चकार शब्द नसतो. राज्य शासनाने 2023 साली सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बूट आणि पायमोजे देण्याचे ठरवले. चांगलेच झाले. मात्र माप जूनमध्ये घेतलेले आणि पाय फेब्रुवारीतला, असे होऊ शकते. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. ज्याची उरत नाही, त्याला कवायतीला चपला घालून उभे राहू द्यावे, गणवेशाचा नियम काहीही असो.