अशुद्ध की विटाळ?

लेवीय १३ मधील इंग्रजी ‘अनक्लीन’ हा हिब्रू ‘तामे’ शब्दाचा अनुवाद होय. त्याचा अर्थ मळकट असा नसून उपासनेस तूर्त अपात्र असा आहे. अध्याय १४ मध्ये परतीची वाटही दिली आहे. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात उपदेशकास ‘विटाळ’ किंवा कन्नड ‘मैलिगे’ म्हणण्याचा मोह होतो. बाळंतपणाचा विटाळ काही दिवसांनी फिटतो; जातीचा मात्र जन्मभर चिकटविला गेला. आपल्या मंडळ्यांतील अनेकांच्या पूर्वजांनी तो सोसला आहे. बाराव्या शतकात याच भूमीतील कल्याणात शरणांनी पंचसूतके नाकारली होती. म्हणून व्यासपीठावरून ‘अशुद्ध’ हाच शब्द आम्हांस योग्य वाटतो. त्यासोबत मार्क १:४१ अवश्य वाचावे: प्रभूने आधी स्पर्श केला, मग शुद्ध केले.