प्रतिमान आणि त्याची गृहीतके : प्राथमिक अभ्यासक्रमाची एक चिकित्सा

गणिती प्रतिमाने हा विषय आता पदवीच्या प्राथमिक अभ्यासक्रमात बहुतेक सर्वत्र आला आहे. त्याची रूढ मांडणी ठराविक असते : लोकसंख्यावाढीचे समीकरण, थंड होणाऱ्या पदार्थाचे समीकरण, साथीच्या रोगाचे समीकरण; प्रत्येकाची उकल; आणि अखेरीस उकलीचा आलेख निरीक्षणांशी कसा जुळतो याचे दर्शन. या मांडणीत विद्यार्थी अवकल समीकरणे सोडवावयास शिकतो, यात शंका नाही. तो प्रतिमान रचावयास शिकतो काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासक्रमाच्या आवडत्या उदाहरणावरच हे प्रतिपादन तपासून पाहू. साथीच्या रोगांचे प्रसिद्ध प्रतिमान कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडले. मॅकेंड्रिक यांची बरीच सेवा हिंदुस्थानात झाली होती. आणि प्रतिमानाच्या पडताळ्यासाठी या दोघांनी घेतलेली आकडेवारी मुंबई बेटावरील प्लेगची, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंची होती. त्यांचे सूत्र अपास्तीय सेकंटाच्या वर्गाचे आहे : साप्ताहिक मृत्यू = ८९० × सेकंट² (०.२ ट − ३.४), येथे ट म्हणजे आठवडे. सतराव्या आठवड्यास ८९० मृत्यूंचे शिखर, दोहों बाजूंस सारखा उतार. निरीक्षणांचे बिंदू या वक्राला इतके बिलगून आहेत की ती आकृती आजही पाठ्यपुस्तकांत प्रतिमानाच्या सत्यतेचा पुरावा म्हणून दिली जाते.

आता त्या सूत्रास थोडे प्रश्न विचारावेत. वक्राखालील क्षेत्रफळ ८९० × २ ÷ ०.२, म्हणजे ८,९०० मृत्यू. त्या वेळी शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. सर्व शहर रोगास बळी पडण्याजोगे होते असे मानल्यास, प्रतिमानाच्याच नियमानुसार साथीचा एकूण आकार हा उंबरठ्यावरील आधिक्याच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणजे ते आधिक्य अवघे ०.००४५ निघते. वक्राच्या आरंभीची वाढ दर आठवड्यास ०.४ या दराची आहे. वाढीचा दर म्हणजे आधिक्य गुणिले रोगमुक्तीचा अथवा मृत्यूचा दर. यास्तव तो दुसरा दर आठवड्यास सुमारे ९० येतो. अर्थ असा की, प्रत्येक रुग्ण सरासरीने दोन तासांहूनही कमी काळ संसर्गकारक असतो! हे विधान मान्य करण्यास कोणीही वैद्य धजणार नाही. उलट तो काळ एक आठवडा धरला, तर त्याच सूत्राने रोगास बळी पडू शकणारी लोकसंख्या सुमारे बावीस हजारच उरते. वक्र दोन्ही वेळा तोच. याचे कारण उघड आहे : सूत्रात स्थिरांक तीन, आणि मूळ प्रतिमानात अज्ञात राशी चार. तिहींवरून चारांचा निर्णय होत नाही.

येथे मूळ लेखकांस दोष देणे अन्यायाचे होईल. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची छाया होय, साथीच्या काळात दर स्थिर राहत नाहीत, आणि या जुळणीवरून स्थिरांकांच्या खऱ्या मूल्यांविषयी अनुमान काढू नये, अशा आशयाचा इशारा त्यांनी स्वतःच दिला होता. पुढे २०१२ साली निकोला बाकाएर यांनी ऋतुमानाचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे त्याच सुमारास चढे आणि ओसरे. तेव्हा साथ ओसरली ती बळी पडणारे संपले म्हणून, की ऋतू पालटला म्हणून, हे एका वर्षाच्या वक्रावरून कळत नाही. अभ्यासक्रमाने आकृती ठेवली आणि इशारा गाळला. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

दुसरा दोष याच जातीचा, पण अधिक जवळचा. पिंपळनेरकडून धुळ्याकडे वाहणाऱ्या पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीची शतकांची परंपरा आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात एक पीक, पाळीपाळीने पीकपालट, आणि पाणी सोडण्यास गावाने नेमलेला पाटकरी. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवावयाचे फडच कमी करावयाचे, अशी ही व्यवस्था.

समजा, फड चार आहेत आणि पाणी दोहोंपुरतेच आहे. प्रत्येकाची जमीन चारही फडांत समान असेल, तर प्रत्येकाची निम्मी जमीन भिजते. प्रत्येकाची जमीन एकाच फडात एकवटलेली असेल, तर निम्म्या शेतकऱ्यांचे सर्व भिजते आणि निम्म्यांचे काहीच नाही. माध्य दोन्हीकडे १/२. प्रचरण मात्र पहिल्या व्यवस्थेत शून्य आणि दुसरीत १/४. केवळ माध्य पाहणाऱ्या प्रतिमानास या दोन गावांत भेदच दिसणार नाही. पाळी फिरत राहिल्यास दीर्घकाळात सर्व सारखे होईल, असा आक्षेप घेता येईल. पण ज्याचे एक वर्ष कोरडे गेले त्याला दीर्घकाळ थांबता येत नाही, त्याला सावकाराचे दार गाठावे लागते.

मुंबई राज्याने १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा केला. लहान तुकडा कसण्यास महाग पडतो, हे त्यामागील गृहीतक खोटे नव्हे. बांधांत जाणारी जमीन आणि येण्याजाण्याचा वेळ यांचा खर्च खराच आहे. परंतु ज्या प्रतिमानात पाण्याची राशीच नाही त्यात तुकडा हा निव्वळ दोष ठरतो. फडाच्या प्रतिमानात तोच तुकडा दुष्काळाचा विमा ठरतो. कोणती राशी मोजावयाची हे ठरविताना कोणाचे नुकसान दिसेल आणि कोणाचे झाकले जाईल, हेही ठरून जाते.

यास्तव सूचना एवढीच की, प्राथमिक अभ्यासक्रमात प्रत्येक प्रतिमानासोबत विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहून द्याव्यात आणि त्यांस उकलीइतकेच गुण असावेत : कोणती गृहीतके धरली, कोणत्या राशी वगळल्या, आणि निघालेल्या स्थिरांकांचा व्यवहारात अर्थ काय. या कामास यंत्रसामग्री लागत नाही. पिंपळनेरच्या विद्यार्थ्याला एखाद्या बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन पाटकऱ्याच्या वारसास चार प्रश्न विचारता येतील. विहिरी आणि वरच्या अंगाची धरणे यांमुळे आज त्या पाटाचा हिशेब पालटला आहे, हेही त्याला तेथेच कळेल. आणि गृहीतक बदलले की प्रतिमान बदलावे लागते, हा या विषयाचा पहिला धडा त्याला फळ्यावरून उतरवून घ्यावा लागणार नाही.