परक्या पंगतीतील 'मी' : प्रवासवाङ्मयातील एका प्रसंगाचा विचार

परदेशातील पहिल्या भोजनाचा प्रसंग मराठी प्रवासवर्णनांत इतक्या वेळा आलेला आहे की, त्याला आता वाङ्मयीन संकेताचे रूप आले आहे. काटा कोणत्या हातात धरावा, सूप घेताना आवाज कसा टाळावा, नॅपकिनचे काय करावे, या गोंधळातून विनोद साधावयाचा आणि पुढील प्रकरणाकडे वळावयाचे, ही त्याची ठरीव घडण होय. या प्रसंगात शिष्टाचाराच्या अडचणीपलीकडे काही आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला असता मराठी गद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू उजेडात येते.

पंगत ही केवळ जेवणाची रीत नव्हे. ती एक संपूर्ण व्यवस्था आहे. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. जेवावयाचे ते उजव्या हाताने. एकाच्या पानातील दुसऱ्याला उष्टे. जेवणानंतर आचवणे अटळ. कर्मठ घरांत भोजनसमयी मौनही पाळले जाई. युरोपीय टेबलावर नेमके याच्या उलट घडते. काटा डाव्या हातात येतो, हात धुण्याऐवजी ओठ पुसले जातात, आणि मौन हा यजमानाचा अनादर ठरतो. एकोणिसाव्या शतकात परदेशी गेलेल्या मराठी माणसाला नवी हत्यारे वापरावयास शिकणे हे त्या मानाने सोपे होते. शुचितेच्या कल्पनेचे काय करावयाचे, हा खरा पेच होता. 'काय खावे' आणि 'कसे खावे' हे दोन प्रश्न त्या काळी एकमेकांपासून वेगळे झालेले नव्हते.

म्हणूनच या प्रसंगाचे आरंभीचे रूप विनोदाचे नसून प्रतिज्ञेचे आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे जे भाषण केले, त्यात आपला आहार, वेष व चालीरीती बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी जाहीर केले. अन्नाचा उल्लेख तेथे सहजगत्या आलेला नाही. समाजाने प्रवासाला दिलेल्या संमतीची ती किंमत होती. परक्यांच्या हातचे घेणे स्वदेशातही किती महाग पडे, हे १८९० मधील पुण्याच्या पंचहौद मिशनच्या चहापानावरून उठलेल्या वादंगाने दाखवून दिले. तेथे चहा घेणारे आणि पेला केवळ शिष्टाचारादाखल स्वीकारणारे असे दोन्ही प्रकारचे निमंत्रित होते; परंतु बहिष्काराचे संकट साऱ्यांवरच आले.

तुलनेसाठी गांधीजींचे आत्मचरित्र घेता येईल. मूळ गुजराती असले तरी मराठी वाचकांना ते चांगले परिचित आहे. १८८८ मध्ये बोटीवर काट्या-सुरीची सवय नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही, म्हणून ते आपल्या खोलीतच बरोबर नेलेल्या फराळावर राहिले. पुढे लंडनमधील एका मोठ्या उपाहारगृहात सूप कशाचे आहे असे त्यांनी विचारले, आणि सोबतच्या मित्राने रागावून त्यांना उठून जाण्यास सांगितले. यानंतरचा भाग अधिक अर्थपूर्ण आहे. शाकाहार सोडावयाचा नव्हता. तेव्हा मित्राला झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून 'सभ्य' होण्याचा त्यांनी निश्चय केला. नवे कपडे, नृत्याचे धडे, फ्रेंच, व्हायोलिन हे सारे त्यातून आले. म्हणजे 'काय खावे' यातील नकाराची भरपाई 'कसे वागावे' यातील शरणागतीने करण्याचा तो प्रयत्न होता. पेचाचे दोन घटक येथे प्रथमच स्पष्टपणे अलग पडलेले दिसतात.

पंडिता रमाबाईंनी अशी भरपाई नाकारली, आणि या विषयातील सर्वांत मौलिक सामग्री त्यांच्याच पत्रांत आहे. १८८३ ते १८८६ या काळात त्या इंग्लंडमध्ये होत्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु आहार शाकाहारीच ठेवला. परिणामी पुण्यातील सनातन्यांच्या दृष्टीने त्या भ्रष्ट झाल्या, आणि सिस्टर जेराल्डाइन यांना त्यांच्या ताटात जातीचा अभिमान शिल्लक दिसला. रमाबाईंचे उत्तर तर्कशुद्ध आहे. एखादी इंग्रज स्त्री हिंदू लोकांत राहावयास गेली आणि कोणास उपद्रव न देणाऱ्या आपल्या चाली तिने तशाच ठेवल्या, तर तिला कोणी गर्विष्ठ व पूर्वग्रहदूषित म्हटल्यास ते तिला रुचेल काय, असा त्या प्रतिप्रश्न करतात. या प्रश्नाने वाद अन्नावरून उठून अधिकारावर जातो. एकाची रीत ती 'रीत' आणि दुसऱ्याची तो 'पूर्वग्रह', हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे रमाबाई विचारीत आहेत.

ही पत्रे इंग्रजीत आहेत, आणि ए. बी. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा संग्रह १९७७ मध्ये निघाला. मराठी गद्याच्या विवेचनात त्यांना स्थान नसावे, हे भाषेच्या दृष्टीने समजण्याजोगे असले तरी त्यामुळे हानी झाली आहे. 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा रमाबाईंचा मराठी ग्रंथ या पत्रांशेजारी ठेवून वाचला की त्याचा अर्थ बदलतो. ग्रंथातील 'मी' मागे राहतो; अमेरिकेतील घर, वेष, शिक्षण आणि स्त्रियांच्या संस्था यांची तेथे शांतपणे पाहणी होते. पत्रांत जिच्या ताटाची तपासणी चालली होती, तीच स्त्री ग्रंथात एका राष्ट्राची तपासणी करीत आहे. ग्रंथाच्या वस्तुनिष्ठ शैलीला केवळ माहितीप्रधान म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. निरीक्षकाची जागा तेथे प्रयत्नपूर्वक मिळविलेली आहे.

स्वातंत्र्योत्तर प्रवासवर्णनांत हा पेच सौम्य झाला. शुचितेचा धाक ओसरला होता, समुद्रगमनाचे प्रायश्चित्त इतिहासजमा झाले होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) स्वतःलाच हास्यविषय करणारा प्रवासी लोकप्रिय केला. या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. एकट्याने सोसावयाची शरम तिने सर्वांनी मिळून हसण्याजोगी केली, आणि हा प्रवासी यजमानांच्या रीतींकडेही तितक्याच मिस्किलपणे पाहू शकतो. परंतु अनुकरण करणाऱ्यांच्या हाती या तंत्राचा अर्धाच भाग लागला. काटा चुकीच्या हातात धरणारा पाहुणा हास्यास्पद ठरावा, यासाठी यजमानाचा नियम आधीच प्रमाण मानावा लागतो. लेखक हसतो तेव्हा ते प्रमाण त्याने निमूटपणे मान्य केलेले असते, आणि रमाबाईंचा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही.

विनोदाऐवजी गांभीर्य हवे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. भोजनाचा प्रसंग कितपत रंगला याबरोबरच त्यात नियम कोणाचा गृहीत धरला आहे, हेही समीक्षेने पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार पत्रे, भाषणे व आत्मचरित्रे यांच्यापासून तोडून अभ्यासण्याची प्रथा सैल करावी लागेल, आणि मराठी माणसाने इतर भाषांत केलेले लेखनही विचारात घ्यावे लागेल. तसे केले तर परक्या पंगतीत बसलेला मराठी 'मी' केवळ भांबावलेला होता, हा समज टिकणार नाही.