वारशाची बाहुली आणि तिचे मोल

करवीर तालुक्यातील उचगावासारख्या गावी गौरीच्या आराशीत आजेसासूबाईंच्या वेळची म्हणून एखादी चिनी मातीची बाहुली मांडलेली असते, आणि ‘शंभर वर्षांची’ एवढ्या बोलण्यावरच तिची किंमत ठरते. आमच्या मते हे परीक्षण नव्हे, ममत्व होय. शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा वस्तूंचा काळ मातीचे थर व नाणी यांवरून ठरविण्यात आला. घरातील वस्तूस थर नसतो. तिचा तळच काय तो साक्षीदार. तेथे ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी अस्सल खूण आढळल्यास घडण दुसऱ्या महायुद्धानंतरची व १९५२ पर्यंतची. शंभरीची कथा तेथेच संपते. पुढे तडा व डागडुजी पाहावी, कारण सांधलेल्या वस्तूचा भाव उतरतो. इतके पाहिल्यावाचून ती विकणे किंवा वाटणीत घालणे आम्हांस रास्त वाटत नाही.