कहाण्यांचा चित्रकार

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील जी गावे बुडविली त्यांत पहिला घाला ह्या गावावर पडला. १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरे पाण्याखाली गेली, आणि शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्याच पाण्याने गिळले. जी कुटुंबे हलली नाहीत ती वरच्या उतारावर पुन्हा घरे बांधून राहिली. गेल्या माघात तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा प्रस्तुत लेखाच्या तयारीकरिता वाचावयास घेतलेली दोन जुनी इंग्रजी पुस्तके माझ्या पिशवीत होती. पहिले चार्लस किंकेड ह्यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४), व दुसरे ऑटो रॉथफील्ड ह्यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०). लेखक निरनिराळे असले, तरी दोहोंतील चित्रे एकाच हाताची आहेत; तो हात रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचा.

ज्या घरी उतरलो तेथील मुलांनी ती पुस्तके पिशवीतून केव्हाच बाहेर काढली. पहिल्या पुस्तकातील एका चित्रापाशी एक मुलगी थांबली आणि तिने विचारले की, ह्या बाईचे पुढे काय होते? मी तिला ती कहाणी सांगितली. मग दुसऱ्या चित्राची, मग तिसऱ्या. दुसरे पुस्तक मात्र मुलांनी भराभर उलटून टाकले. ते घरातील म्हाताऱ्या आजोबांच्या हाती गेले. त्यांनी पुष्कळ वेळ एकेक पान निरखून पाहिले व अखेर विचारले की, ह्या बायांची नावे काय? पुस्तकात जात होती, प्रांत होता, नाव नव्हते. ते मी त्यांस सांगितले. त्यांनी पुस्तक मिटून परत दिले.

मुलीचा प्रश्न व आजोबांचा प्रश्न, ह्या दोहोंत धुरंधरांच्या पुस्तकचित्रांची सारी समीक्षा आली आहे असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे. पुढील विवेचन म्हणजे त्या दोन प्रश्नांचा विस्तार होय.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार. १८९६ पासून ते त्याच शाळेत शिकवू लागले, आणि १९३० साली तिचे संचालकपद काही काळ भूषविणारे पहिले हिंदी गृहस्थही तेच ठरले. १९३१ साली ते निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात ही सारी हकीकत त्यांनी आपल्या सरळ मराठीत सांगितली आहे. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई ह्याही चित्रकर्त्री होत्या. २००९ साली त्यांचे निधन होईपर्यंत वडिलांचा चित्रसंग्रह त्यांनी जिवापाड जपला.

असा चित्रकार विस्मृत झाला असे म्हणणे धाडसाचे वाटेल. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यांची तैलचित्रे व जलरंगचित्रे आज मोठ्या किमतीस विकली जातात. परंतु स्मरणात राहिला तो भिंतीवरचा धुरंधर. पुस्तकाच्या पानातला धुरंधर मराठी वाचकाच्या दृष्टीआड झाला आहे. ज्या वर्षी धुरंधर जन्मले त्याच वर्षी, म्हणजे १८६७ मध्ये, इंग्लंडात आर्थर रॅकम जन्मला. ‘पीटर पॅन’ व ‘ॲलिस’ ह्यांची त्याने काढलेली चित्रे तेथील वाचकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत. ग्रंथकर्त्याच्या नावाशेजारी त्याचे नाव घेतले जाते. आमच्याकडे मात्र श्रावणातल्या कहाण्यांस धुरंधरांनी रूप दिले ही गोष्ट त्या कहाण्या तोंडपाठ असलेल्या घरांतही कोणास ठाऊक नसते.

कारण उघड आहे. किंकेड हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. पुढे पारसनिसांच्या सहकार्याने मराठ्यांचा इतिहास लिहिणारे तेच हे गृहस्थ. त्यांनी आमच्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजी मुलांकरिता इंग्रजीत सांगितल्या. खुलभर दुधाची म्हातारी, सोमा धोबीण, नागोबा, दिव्यांच्या अवसेची सून ही सारी मंडळी त्या पुस्तकात आहेत. आटपाट नगराचे नावही किंकेडांनी जसेच्या तसे ठेवले आहे. म्हणजे कथा मराठी, चित्रकार मराठी, आणि पुस्तक मात्र मराठी माजघरापर्यंत न पोचणारे! आमच्या आज्या तांदळाचे दाणे हाती धरून ज्या कहाण्या ऐकत होत्या, त्यांची उत्तम चित्रे त्याच काळी विलायती बालकांच्या हाती होती.

आता ह्या चित्रांच्या गुणांकडे वळू. धुरंधरांवर नेहमी असा आक्षेप घेतला जातो की, त्यांस कल्पनाशक्ती बेताची होती. ते जे पाहात ते बिनचूक काढीत, पण न पाहिलेले त्यांच्या हातून साकार होत नसे. रॅकमच्या चित्रांत झाडाच्या मुळांना बोटे फुटतात आणि धुक्यातून बुटके डोकावतात. तसले काही धुरंधरांत आढळावयाचे नाही. हा आक्षेप खरा आहे. तथापि कहाणीच्या बाबतीत हेच वैगुण्य गुण ठरते, हे आक्षेपकांच्या ध्यानी आलेले नाही. आमची कहाणी परीकथा नव्हे. तिच्यातला चमत्कार दूरच्या अरण्यात घडत नाही. तो चुलीपाशी, गोठ्यात, पाणवठ्यावर घडतो. देव येतो तो भिकाऱ्याच्या किंवा म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषाने येतो, आणि त्यास ओळखले न जाणे हाच कथेचा गाभा असतो. अशा कथेच्या चित्रकाराने देवाभोवती तेजोवलय काढले की कथा संपलीच! धुरंधरांची माणसे साधी नेसतात, साधी बसतात. लुगड्याचा ओचा, डोक्यावरचा पदर, हाताची ठेवण, सारे कालच पाहिल्यासारखे. चमत्कार घडावयाचा असतो तो अशाच घरात, म्हणून आपला त्यावर विश्वास बसतो. राजा रविवर्म्याच्या स्त्रिया बहुधा कोणीतरी आपणांकडे पाहात आहे ह्या जाणिवेने उभ्या असतात. धुरंधरांची स्त्री आपल्या कामात असते, आणि म्हणूनच त्या मुलीच्या मनात तिचे पुढे काय होणार हा प्रश्न उभा राहतो. कथाचित्राची याहून कठीण कसोटी मला ठाऊक नाही.

मुंबईचे पोलीस कमिशनर असलेल्या एस. एम. एडवर्डस ह्यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) ह्या पुस्तकातील धुरंधरांच्या चित्रांतही हाच गुण आढळतो. मोहरमची गर्दी, सिद्दी लोक, गल्लीबोळांतील रात्रीची हालचाल हे त्या पुस्तकाचे विषय आहेत. ह्या ग्रंथकर्त्यास शहराची कुतूहलयुक्त माया होती आणि चित्रकारास शहराची सवय होती. येथे प्रत्येक मनुष्य कोठून तरी कोठे तरी चाललेला आहे. गर्दी काढताना एकच चेहरा अनेकदा गिरविण्याचा जो मोह सामान्य चित्रकारास आवरत नाही, तो धुरंधरांस फारसा शिवलेला दिसत नाही.

ह्यानंतर रॉथफील्डांचे पुस्तक उघडावे, म्हणजे हाच कुंचला किती निराळा भासतो पाहा. कसब तिळमात्र उणे झालेले नाही. किंबहुना रंगांची सफाई येथे अधिकच आहे. प्रांतोप्रांतीच्या व जातीजातींच्या स्त्रिया एकामागून एक येतात. श्रमजीवी व आदिवासी स्त्रियांकरिता एक स्वतंत्र प्रकरणही आहे. वस्त्रांच्या व अलंकारांच्या अभ्यासकास ही चित्रे आज मोलाची आहेत, कारण त्यांतील कितीतरी नेसणी व दागिने आता लोपले आहेत. पण ह्या स्त्रियांपैकी बहुतेकींस करावयास काही उरलेले नाही. त्या दाखविण्यापुरत्या उभ्या आहेत. राज्यकर्त्यास प्रजेची वर्गवारी हवी होती, ती चित्रकाराने करून दिली. जिला कथा आहे ती व्यक्ती, आणि जिला नुसते वर्णन आहे तो नमुना. आजोबांनी नाव विचारले ते बहुधा ह्याच जाणिवेने.

कोणी म्हणेल की, हा दोष ग्रंथकर्त्याचा; चित्रकाराने सांगितले तेवढे केले. हे समर्थन मला अर्धेच मान्य आहे. पुस्तकचित्रकार परतंत्र असतो हे खरे; पण ते पारतंत्र्य किंकेडांच्या पुस्तकातही होतेच. फरक इतकाच की, तेथे त्यास कथा मिळाली, आणि कथेत शिरताच तो आपल्या आईच्या व आजीच्या घरात शिरला. येथे त्यास यादी मिळाली, आणि तो यादी करणारा झाला. धुरंधरांसारख्या समर्थ हाताने ह्या यादीविरुद्ध कोठे थोडी तरी कुरबुर करावयास हवी होती. ती त्यांनी केलेली दिसत नाही, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही सांगितले पाहिजे.

पण त्यांचा दोष दाखविणाऱ्या आम्ही तरी काय केले? धुरंधरांच्या मृत्यूस साठ वर्षे उलटल्यावर, २००५ च्या आरंभापासून, त्यांच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क ह्या देशात संपला. किंकेड १९५४ साली वारले. त्यांच्या पुस्तकावरील हक्कही २०१५ पासून उरलेला नाही. कहाण्या तर कोणाच्याच मालकीच्या नव्हत्या. म्हणजे मूळ मराठी कहाण्या व धुरंधरांची ती चित्रे एकत्र बांधून मराठी मुलांच्या हाती देण्यास आता कायद्याची हरकत नाही. उणीव आहे ती इच्छेची. चित्र म्हणजे मजकुरामधली मोकळी जागा भरण्याचे साधन, हा समज आमच्या प्रकाशकांत आहे आणि, लाज वाटते तरी सांगतो, आम्हां प्राध्यापकांतही आहे. पुस्तकावर अभिप्राय लिहिताना चित्रकाराचे नावही न घेण्याचा अपराध मी स्वतः अनेकदा केला आहे.

मणिबेलीहून निघताना आजोबा नावेपर्यंत पोचवावयास आले. पाण्याकडे बोट दाखवून आपले जुने घर कोठे होते ते त्यांनी सांगितले, आणि त्या घराचे चित्र कोणी काढून ठेवले आहे काय, असे विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुंबईचे बोळ व आमच्या आज्यांची माजघरे काळाच्या पाण्यात गेली. परंतु एका मनुष्याने ती कागदावर उतरवून ठेवली, म्हणून ती अद्याप दाखविता येतात. ज्यांच्या वाट्यास असा चित्रकार आला नाही त्यांची हानी किती, हे त्या नावेत मला कळले. ज्यांच्या वाट्यास तो आला, त्या आम्ही त्याचे नावही विसरावे, ही गोष्ट मात्र अक्षम्य होय.