उपनगरांतील मार्गनामें व स्थानकनामें : एक पाठचिकित्सा

हस्तलिखिताच्या दोन प्रतींत एकाच स्थळीं भिन्न पाठ आढळला म्हणजे संपादक थांबतो. मूळचा पाठ कोणता आणि लेखकूच्या हातचा कोणता, याचा निर्णय केल्यावांचून तो पुढें जात नाहीं. हीच दृष्टि मुंबईच्या उपनगरांतील दोन जुन्या रस्त्यांस, व त्यांच्या अनुषंगानें चालणाऱ्या रेल्वे, बस आणि मेट्रो या वाहनांच्या पाट्यांस लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. बखरी, सनदा व ताम्रपट यांच्या पंक्तीस बसची पाटी कशास बसवावी, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर इतकेंच कीं, ग्रामनाम सनदेंत लिहिलेलें असो वा पत्र्यावर रंगविलेलें असो, इतिहासाच्या दृष्टीनें तें साधनच होय. आणि आज ज्या लक्षावधि लोकांच्या मुखीं तीं नांवें राहतात, त्यांनीं सनद कधीं पाहिलेली नसून पाटी मात्र रोज वाचलेली असते.

प्रथम या दोन रस्त्यांचें स्वरूप पाहूं. ज्या बेटास आपण साष्टी म्हणतों, व ज्याच्या नांवाची व्युत्पत्ति षट्षष्टि म्हणजे सहासष्ट गांवें अशी लाविली जाते, त्यांत मुंबई बेटावरून शिरण्यास दोन मुखें होतीं : पूर्वेस शीव, पश्चिमेस माहीम. शिवेचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींतला (१७९५–१८११), आणि माहीमचा लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून झालेला व १८४५ मध्यें खुला झालेला. पहिल्या मुखांतून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडूप, मुलुंड करीत ठाण्यास जाणारा तो आग्रा रस्ता. दुसऱ्यांतून निघून वांद्रें, अंधेरी, मालाड, बोरीवली, दहिसर करीत उत्तरेस जाणारा तो घोडबंदर रस्ता. दोन्ही नांवें गंतव्यसूचक आहेत. एक सांगतें, हा रस्ता धरल्यास उत्तर हिंदुस्थानाकडे जाल. दुसरें सांगतें, वसईच्या खाडीवरील ज्या बंदराचा किल्ला मराठ्यांनीं १७३७ च्या मोहिमेंत घेतला, त्या बंदरास पोहोंचाल. रस्त्याचें नांव हीच रस्त्याची माहिती, अशी ही जुनी रीति होती.

या दोन रस्त्यांच्या शेजारून लोहमार्ग गेले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली. आणि १९२८ सालीं बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धांवली. घोड्यांची ट्राम (१८७४) व मोटारबस (१९२६) हीं मात्र प्रथम बेटापुरतींच होतीं. महानगरपालिकेची हद्द १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांनीं वाढून मुलुंड व दहिसरपर्यंत गेली, तेव्हां उपनगरें बेटाशीं एका कारभाराखालीं आलीं, व ‘बेस्ट’च्या बसगाड्या हे रस्ते आपलेसे करून राहिल्या. मेट्रो त्यानंतर बऱ्याच काळानें, ८ जून २०१४ रोजीं आली. तात्पर्य, उपनगरांच्या नामावलीचा ग्रंथ रेल्वे, बस व मेट्रो या तीन लेखकूंनीं उतरून घेतला आहे. त्यांच्या प्रती आतां ताडून पाहूं.

पहिला दोष लिप्यंतराचा. आग्रा रस्त्याच्या मुखाशींच ‘शीव’ हा शब्द आहे. शीव म्हणजे हद्द. बेटाच्या शेवटीं असलेल्या गांवास याहून सार्थ नांव कोणतें? परंतु तें रोमन अक्षरांत ज्या रीतीनें लिहिलें गेलें, ती अक्षरें वाचून मराठी माणूसच ‘सायन’ म्हणूं लागला, आणि अर्थ गळून पडला. स्थानकावर आजही ‘शीव’ असें देवनागरींत लिहिलेलें असतें. वाचणारा तें पाहून ‘सायन आलें’ म्हणतो! वांद्रें व बांद्रा यांची गोष्ट तीच. मेट्रोच्या पहिल्या मार्गाचें पश्चिम टोंक ‘वर्सोवा’. तेथील कोळी बांधव आपल्या गांवास वेसावें म्हणतात. मंडपेश्वराचें पोर्तुगीजांनीं ‘मोंपेसेर’ केलें होतें. परक्याच्या जिभेचा दोष म्हणून तें क्षम्य आहे. आपण आपलाच शब्द परक्याच्या लिपींतून परत घेतों, हें मात्र क्षम्य नव्हे.

दुसरा दोष संक्षेपाचा, व तो अधिक घातक आहे. घोडबंदर रस्त्यास स्वामी विवेकानंदांचें व आग्रा रस्त्यास लाल बहादूर शास्त्री यांचें नांव दिलें, त्यामागें आदर होता याविषयीं शंका नाहीं. परंतु लोकांच्या तोंडीं व दुकानांच्या पाट्यांवर राहिलें काय? ‘एस. व्ही. रोड’ आणि ‘एल. बी. एस.’ प्रस्तुत लेखक उपनगरांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, एकदां त्यानें वर्गांत विचारलें कीं, ‘एस. व्ही.’ म्हणजे काय? बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं एक मुलगा उठून म्हणाला, “सर, सांताक्रूझ-विलेपार्ले.” वर्ग हंसला, परंतु मुलाचा तर्क सर्वस्वीं टाकाऊ नव्हता. तो रस्ता त्या दोन्ही गांवांतून जातो. त्रुटित पाठ आला असतां संपादक प्रकरण पाहून अक्षरें भरतो, तसेंच त्यानें केलें. दोष पाठाचा होता, वाचकाचा नव्हे. ज्या नांवामुळें घोडबंदर हें गंतव्य लोपलें, त्या नांवांतील स्वामीही लोपले. जुना पाठ गेला, नवा स्थिर झाला नाहीं, हातीं राहिलीं तीं दोन अक्षरें.

मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील ‘डी. एन. नगर’ हें याचेंच उदाहरण. १८९२ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून गेलेल्या दादाभाई नौरोजींचें तें नगर आहे, हें रोज तेथें उतरणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? चकाला या ग्रामनामास जोडलेल्या ‘जे. बी. नगर’मधील जमनालाल बजाज असेच अक्षरांआड गेले आहेत. याउलट अंधेरी पूर्वेच्या स्थानकाबाहेरील चौक पाहा. कुर्ल्याकडील ३३२ व घाटकोपरकडील ३४० या क्रमांकांच्या बसगाड्यांनीं वर्षानुवर्षें ‘आगरकर चौक’ ही पाटी मिरविली. गोपाळ गणेश आगरकरांचें आडनांव पूर्ण लिहिलें म्हणून तें पूर्ण उच्चारलें गेलें. वाहकानें पुकारलें, उतारूनें मागितलें, आणि सुधारकाचें नांव गर्दींतही शाबूत राहिलें. यावरून आदर नांव देण्यानें होत नसून नांव पूर्ण लिहिण्यानें होतो, असा निष्कर्ष निघतो.

आतां मेट्रोच्या दोन याद्या शेजारीं ठेवून वाचूं. २०१४ च्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्गावर बारा स्थानकें आहेत. त्यांत मरोळ, चकाला, असल्फा हीं जुनीं ग्रामनामें आहेत. त्याबरोबर ‘पश्चिम द्रुतगती मार्ग’ व ‘विमानतळ मार्ग’ अशीं, स्थळ न सांगतां दुसरा रस्ताच सांगणारीं नांवेंही आहेत. २०२२–२३ मध्यें दोन टप्प्यांनीं सुरू झालेल्या सातव्या मार्गाची यादी पाहा : मागाठाणे, पोईसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी, मोगरा, गुंदवली. त्याच वेळीं सुरू झालेल्या मार्ग २-अ वर कांदरपाडा, मंडपेश्वर, एकसर, ओशिवरा. ही यादी वाचतांना जुन्या कागदांच्या अभ्यासकास आपल्या परिचयाचीं माणसें भेटल्यासारखें होतें. हें श्रेय देण्यांत टीकाकारानें कृपणता करूं नये.

यांपैकीं दोन नांवांचा विस्तार करणें अवश्य आहे. कान्हेरीच्या एका ब्राह्मी लेखांत मगलठाण नांवाच्या गांवांतील शेत दान दिल्याचा उल्लेख आहे, व तें गांव म्हणजेच मागाठाणे असें अभ्यासकांनीं मानलें आहे. ज्या नांवानें भिक्षुसंघास शेत मिळालें, त्याच नांवावर आज उतारू तिकीट काढतो. अशी परंपरा राखणारीं सार्वजनिक पाटी आपल्या देशांत थोडीच असेल. दुसरें एकसर. तेथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलें आहे. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्यांचें सविस्तर वर्णन आलें आहे. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या संग्रामाशीं ते जोडावे कीं त्याहून जुने मानावे, याबद्दल मतभेद आहेत. तो वाद येथें नको. परंतु स्थानकावर ‘एकसर’ हीं चार अक्षरें नसतीं, तर दगड पाहावयास निघालेल्या जिज्ञासूस विचारावें तरी काय, हा प्रश्न पडला असता. नांव नाहींसें होणें किती सोपें आहे, हेंही रेल्वेच्या इतिहासांत दिसतें. १८६७ च्या स्थानकांत ‘पहाडी’ असें एक नांव होतें. त्याच्या जागीं पुढें गोरेगांव आलें, आणि पहाडी जमिनीच्या दस्तऐवजांत जाऊन राहिली.

इतक्या चांगल्या यादींत दोष शिरला तो सांध्यांत. गुंदवली व ‘पश्चिम द्रुतगती मार्ग’ हीं दोन मार्गांचीं स्थानकें पुलानें जोडलेलीं असून गाडी बदलण्याचें स्थळ एकच आहे. तरी त्यास नांवें दोन. त्यांतील दुसरें तर्कशास्त्राच्या भाषेंत अतिव्याप्तीनें दूषित आहे. सातवा मार्ग त्याच द्रुतगती मार्गावरून जातो; त्यामुळें तें नांव त्याच्या जवळजवळ प्रत्येक स्थानकास लागू पडेल. जें लक्षण सर्वांस लागतें, तें कोणाचेंच नव्हे. दुसऱ्या सांध्यावर प्रकार उलटा. तेथें पहिल्या मार्गाचें ‘डी. एन. नगर’ व २-अ चें ‘अंधेरी पश्चिम’ एकमेकांस जोडलेलीं आहेत. ‘अंधेरी पश्चिम’ म्हटल्यावर जुना उपनगरवासी रेल्वे स्थानकाची पश्चिम बाजूच समजतो. प्रस्तुत लेखकानें एका पाहुण्यास “अंधेरी पश्चिमेस उतरा, मी तेथेंच आहें” असें कळविलें, आणि दोघेही आपापल्या ‘अंधेरी पश्चिमे’स अर्धा तास उभे राहिले. एकानें रूढ पाठ घेतला, दुसऱ्यानें नवा. वाट पाहण्याची शिक्षा मात्र दोघांस सारखी झाली.

यावर पूर्वपक्ष असा कीं, स्थानकाचें नांव उतारूच्या सोयीसाठीं असतें, पुराणवस्तूंच्या संग्रहासाठीं नव्हे. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. वरील दोन सांधे त्याच कसोटीवर उतरत नाहींत, एवढेंच दाखवावयाचें होतें. सोय व इतिहास यांचा येथें विरोधच नाहीं. ‘गुंदवली’ हें एकच नांव दोन्ही फलाटांवर असतें, तर उतारू व इतिहास दोघांचेंही काम झालें असतें.

दुसरा पूर्वपक्ष अधिक विचारार्ह आहे. आग्रा रस्त्यावरून ठाण्याकडे आंखलेल्या चौथ्या मेट्रो मार्गाच्या योजनेंतील यादींत ‘श्रेयस सिनेमा’, ‘मुलुंड अग्निशमन केंद्र’ अशीं नांवें आलीं. बसथांब्यांची चाल मेट्रोनें उचलली, असें म्हणून प्रथम आम्हीं नाक मुरडलें होतें. पुढें विचार केल्यावर तें मत सोडावें लागलें. मोडीच्या कागदांत ‘वडाखालील विहीर’ अशी खूण आली तर वड व विहीर दोन्ही नाहींशीं झालीं असतांही आपण ती मोलाची मानतों. मग चित्रपटगृहाच्या खुणेस कमी कां लेखावें? आजची खूण उद्यांचा पुरावा होतो. तेव्हां अशीं नांवें टाकूं नयेत, पण त्यांच्या जोडीस गांवाचें नांव असावें, हा मध्यम मार्ग ग्राह्य वाटतो. नांवें पाटीवर चढण्यापूर्वी बदलणें सोपें असतें. चढल्यावर पिढी जावी लागते.

सॅम्युएल शेपर्ड यानें मुंबईच्या स्थलनामांचा व मार्गनामांचा जो ग्रंथ १९१७ मध्यें प्रसिद्ध केला, तो शहरापुरता आहे. उपनगरें त्याच्या कक्षेबाहेर राहिलीं. इकडे राजवाड्यांनीं १९२४ मध्यें छापलेल्या महिकावतीच्या बखरींत साष्टीच्या गांवांच्या याद्या आहेत. एका हातीं ती बखर, दुसऱ्या हातीं स्थानकांची व थांब्यांची यादी, अशा रीतीनें गांवोगांव ताडून पाहण्याचें काम अंगावर घेण्याजोगें आहे. त्यांत रोमन लेखनावरून देवनागरी बनवूं नये. मराठी कागदांत जें रूप आढळेल, तें प्रमाण धरावें. बोरीवली कीं बोरिवली, पोईसर कीं पोयसर, याचा निकालही त्याच मार्गानें लागावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. बसच्या कपाळावर देवनागरी अंक व गांवाचें नांव, आणि कुशीवर रोमन, अशी मुंबईची जुनी पद्धति होती. कित्येक मुलें त्या अंकांवरच आंकडे शिकलीं. आतां नव्या गाड्यांवर विजेच्या अक्षरांचा मजकूर सरकत जातो व मागें कांहीं ठेवीत नाहीं. रंगविलेल्या पाट्या भंगारांत जातात. वाहक चिमट्यानें छिद्र पाडीत तीं छापील तिकिटें जुन्या पुस्तकांत खूण म्हणून राहिलीं असतील तेवढींच. आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं पोथ्यांच्या बासनांत अशीं तिकिटें, जुनीं मार्गदर्शक पुस्तकें, थांब्यांचीं छायाचित्रें निघतील. त्यांवर साल व मिळाल्याचें ठिकाण लिहून तीं जपावींत. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या फाटक्या यादीसाठीं आपण आज गांवें पालथीं घालतों. आपल्या काळची यादी मात्र दाराशीं पडलेली असून ती उचलण्यास वांकावें लागतें, इतकेंच.